आत्याबाई, मामंजी आणि समाजशास्त्राचा पहिला धडा

१९७९ साली बेळगावच्या एका महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवायला लागलो. पहिल्या तासाची तयारी मी आठ दिवस केली होती. समाज म्हणजे काय, संस्था म्हणजे काय, रूढी आणि कायदा यांत फरक कोणता, या साऱ्या व्याख्या पाठ करून वर्गात गेलो. मुलांनी त्या निमूटपणे उतरवून घेतल्या. तास संपल्यावर एकाने विचारले, "सर, यातले परीक्षेला काय येते?" मी काय शिकवले होते, याचे उत्तर त्या प्रश्नातच होते.

वर्गाची बसण्याची रीत मात्र पहिल्याच आठवड्यात ध्यानात आली. शहरातली आणि खानापूरकडची मराठी मुले एका बाजूला, बैलहोंगल-सौंदत्तीकडची कानडी मुले दुसऱ्या बाजूला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा यांतली बहुतेक मुले जन्मलीही नव्हती. तरी १ नोव्हेंबर जवळ आला की, मधली वाट रुंदावल्यासारखी वाटे. त्या दिवशी एका बाजूच्या घरात राज्योत्सव, तर दुसऱ्या बाजूच्या घरात काळा दिवस.

सप्टेंबरात नातेसंबंधांचे प्रकरण आले. व्याख्या बाजूला ठेवून मी सहज विचारले, "तुमच्या घरी सासूला काय म्हणतात?" खानापूरकडची एक मुलगी म्हणाली, "आई सासूबाई म्हणते. पण आजी तिच्या सासूची आठवण काढते तेव्हा आत्याबाई म्हणते, आणि सासऱ्यांना मामंजी."

"ती खरोखर तिची आत्या होती का?"

"छे! दोन्ही घरांची आधी ओळखसुद्धा नव्हती."

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "सर, आमच्याकडे आत्यालाही अत्ते आणि सासूलाही अत्तेच. मामाही माव, सासराही माव." त्या वर्गाची एक बाजू दुसऱ्या बाजूकडे मान वळवून पाहताना मी प्रथमच पाहिली.

फळ्यावर आकृती काढली. मुलाने मामाची मुलगी केली, तर त्या मुलीची सासू कोण? तिच्या बापाची बहीण, म्हणजे सख्खी आत्या. आत्याच्या नवऱ्याला आपल्याकडे कित्येक घरांत मामाच म्हणतात. एके काळी असे विवाह इतके सरसकट होत असले पाहिजेत की, नात्याबाहेरच्या सासूलाही आत्याबाई हेच संबोधन चिकटले. रीत मागे पडली तरी शब्द घरात राहिला.

इथपर्यंत सारे छान चालले होते. मग एका मुलाने सांगितले की, काही घरांत मुलगी तिच्या सख्ख्या मामालाच देतात. मी ताडकन म्हणालो, "ही जुनाट रूढी आहे. शिकलेल्यांनी ती सोडली पाहिजे." वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. तिचे आईवडील मामा-भाची होते, हे मला नंतर व्हरांड्यात तिच्या मैत्रिणीकडून कळले.

त्या रात्री मी इरावती कर्वे यांचे 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हे १९५३ चे पुस्तक पुन्हा उघडले. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या इरावतीबाई मापे, वह्या आणि वंशावळींचे कागद घेऊन देशभर हिंडल्या. भारतातला समाज समजायचा तर भाषेचा प्रदेश, जातिसंस्था आणि कुटुंबरचना या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. उत्तरेकडे मामाची मुलगी ही बहीण. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी आणि कित्येक जातींत बहिणीची मुलगीही चालते. महाराष्ट्रात पुष्कळ जातींना मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. दोन रीतींचे पाणी आपल्या अंगणात मिसळलेले आहे, हे बाईंनी दाखवले. पण कोणत्या रीतीला हसायचे, हे कुठेही लिहिले नाही. मी नेमके तेच करून आलो होतो.

ही विद्या आली कुठून, हेही मुलांना सांगितले पाहिजे असे वाटले. अमेरिकेत ल्युईस हेन्री मॉर्गन नावाचा एक वकील होता. तिथल्या सेनेका लोकांत चुलत्यालाही बापच म्हणतात, हे पाहून तो चकित झाला. त्याने छापील प्रश्नावल्या देशोदेशी पाठवून नात्यांचे शब्द गोळा केले, आणि सेनेकांच्या शब्दांची मांडणी थेट तमिळांशी जुळताना पाहिली. त्याचा ग्रंथ १८७१ चा. पुढे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज संशोधकाने एकेका माणसाला विचारून वंशावळ मांडण्याची पद्धत घडवली आणि निलगिरीतल्या तोडा लोकांत ती वापरली. त्याचे पुस्तक १९०६ साली निघाले. या रिव्हर्सकडे केंब्रिजला शिकायला गेलेला विद्यार्थी म्हणजे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झालेला समाजशास्त्राचा विभाग १९२४ पासून घुर्ये यांनी सांभाळला. इरावतीबाई त्यांच्याच विद्यार्थिनी, आणि म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवासही. मालवणच्या एकाच गुरूच्या हाताखाली एक मराठी आणि एक कानडी संशोधक तयार झाले, हे आमच्या दोन बाजूंच्या वर्गाला कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कबूल केले, "काल मी चौकशीच्या आधी निकाल दिला. आमच्या शास्त्रात ही पहिली चूक." मग दिवाळीच्या सुट्टीसाठी काम दिले. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून तीन पिढ्यांची वंशावळ मांडायची. नावे नकोत, आकडे चालतील. नात्याचे दहा शब्द तोंडून येतील तसेच लिहायचे. आपले मत लिहायचे नाही.

सुट्टीनंतर चाळीसेक कागद जमले. फळ्यावर दोन रकाने आखायला गेलो, पण कागद रकान्यांत बसेनात. शुद्ध मराठी बोलणाऱ्या एका घरात मामा-भाचीचे लग्न झालेले होते. एका कानडी घरात ते निषिद्ध होते. काही मराठी घरांत मामाची मुलगीसुद्धा चालत नव्हती. भाषेची रेघ एकीकडून जाते, रीतीची दुसरीकडून आणि राज्याची तिसरीकडून, हे मुलांनीच मला दाखवले. मी उत्साहाने जिल्ह्याबद्दल बोलू लागलो, तेव्हा बैलहोंगलच्या मुलाने हात वर केला. "सर, हे तर कॉलेजात येणाऱ्यांच्या घरांचे कागद. जे येत नाहीत त्यांचे काय?" नमुना कसा निवडावा, हे प्रकरण त्या प्रश्नाने सुरू झाले.

सर्वांत नेटका कागद तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा होता. तिच्या आकृतीत एकाच बाईकडे दोन रेघा जात होत्या. वडिलांकडून ती तिची आजी होती आणि आईकडून पणजी. खाली दहा शब्दांत लिहिले होते: "सासू – माझी आई आजीच म्हणते." लग्नानंतरही तिला हाक बदलावी लागली नव्हती. कागद देताना तिने हळूच विचारले, "सर, मग हे चूक की बरोबर?"

या वेळी मी घाई केली नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मामा-भाचीचे नाते निषिद्ध धरले आहे, पण जिथे तशी रूढी आहे तिथे सूट दिली आहे, हे सांगितले. जवळच्या रक्तात लग्न केल्यास मुलांत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हेही लपवले नाही. आणि मुलगी ओळखीच्या घरात पडावी, जमीन घरात राहावी, या हिशेबाने माणसे असे का करत आली, तेही सांगितले. "तुझ्या आईला विचारून पाहा," एवढेच शेवटी म्हणालो. ती म्हणाली, "विचारले. ती म्हणाली, सासुरवास नव्हता. पण माहेरही वेगळे उरले नाही." या एका वाक्याइतके नेमके उत्तर मला कुठल्याही ग्रंथात मिळालेले नाही.

त्या कागदांनी सीमाप्रश्न सुटला नाही, आणि १ नोव्हेंबर पुढच्या वर्षीही तसाच आला. पण मधली वाट ओलांडून मुले एकमेकांना नात्यांचे शब्द विचारू लागली होती.

आता सुना सासूला आई म्हणतात, कुठे कुठे मम्मी. आत्याबाई आणि मामंजी म्हणणाऱ्या थोड्याच आज्या उरल्या आहेत. या दिवाळीत फराळाच्या ताटावर तुमच्या घरातल्या आजीला विचारून पाहा, ती तिच्या सासूला काय म्हणत असे. उत्तर आले की लगेच लिहून ठेवा. त्यावर बोलायचे ते नंतर.