नेम, दुर्बीण आणि कोळ्याचा धागा

बंदुकीवर दुर्बीण कशासाठी बसवतात, असे वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते: “लांबचे मोठे दिसावे म्हणून.” उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. नुसते मोठे दिसून भागले असते, तर गॅलिलिओने १६०९ साली दुर्बीण आकाशाकडे रोखल्यावर थोड्याच वर्षांत ती शिकाऱ्याच्या रायफलवरही चढली असती. प्रत्यक्षात त्याला सव्वादोनशे वर्षे लागली. अडले कोठे, ते आपण पाहू.

साध्या बंदुकीने नेम धरताना डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य, या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. पण आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावरचे स्पष्ट पाहू शकतो. माशीकडे पाहावे तर हरिण पुसट होते, हरिणाकडे पाहावे तर माशी पुसट होते.

गॅलिलिओच्या दुर्बिणीने हा प्रश्न सुटत नाही. तिची नेत्रिका अंतर्गोल भिंगाची असते. किरण एकत्र येऊन प्रतिमा तयार होण्याआधीच हे भिंग त्यांना अडवते. नळीच्या आत वास्तव प्रतिमाच नसल्यामुळे तिच्या जागी एखादी खूण ठेवता येत नाही. १६११ साली केप्लरने दोन्ही भिंगे बहिर्गोल असलेली दुर्बीण सुचवली. हिच्यात नळीच्या आत खरीखुरी प्रतिमा तयार होते. ती उलटी असते, पण जास्तीचे भिंग घालून सुलटी करता येते.

या प्रतिमेचा नेमासाठी उपयोग होईल हे लक्षात आले ते एका कोळ्यामुळे. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहणारा विल्यम गॅस्कॉइन हा हौशी खगोलनिरीक्षक होता. १६४०च्या सुमारास त्याच्या उपकरणात कोळ्याने धागा ओढला. तो धागा नेमका प्रतिमेच्या जागी होता, म्हणून प्रतिमेइतकाच स्वच्छ दिसला. आता खूण आणि लक्ष्य एकाच प्रतलात आले होते! गॅस्कॉइनने अशी दुर्बीण कोन मोजण्याच्या उपकरणावर बसवली. पण १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला आणि त्याचे काम पत्रांतच राहिले. १६६०च्या दशकात फ्रान्समध्ये ओझू आणि पिकार यांनी तीच वाट पुन्हा शोधली.

बंदुकीपुढे मात्र आणखी एक अडचण होती. १७७६ साली अमेरिकेत चित्रकार चार्ल्स विल्सन पील याने खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस याच्या मदतीने रायफलवर दुर्बीण बसवली. बार उडाल्यावर रायफल मागे येते, हे आपण न्यूटनच्या तिसऱ्या नियमात शिकवतो. पीलला तो नियम डोळ्यावर अनुभवावा लागला. दुर्बीण पुरेशी पुढे बसवता न आल्याने नेत्रिका त्याच्या डोळ्यावर आदळत असे. म्हणून शिकारीच्या दुर्बिणीची भिंगे अशी निवडतात, की डोळा नेत्रिकेपासून आठ-नऊ सें.मी. मागे ठेवूनही पूर्ण दृश्य दिसावे.

१८३५ ते १८४० या काळात अमेरिकेत जॉन चॅपमन आणि बंदूक बनवणारा मॉर्गन जेम्स यांनी रायफलवर चालणारी दुर्बीण तयार केली. १८५५पासून विल्यम माल्कम याने रंगदोष कमी करणारी भिंगे वापरली आणि नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवण्याची सोय सुधारली.

अशी सोय का लागते, ते समरूप त्रिकोणांनी समजते. समजा, दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांमध्ये १० सें.मी. अंतर आहे आणि एक कडी ०.१ मि.मी. म्हणजे कागदाच्या पानाएवढी उंच बसली. हा कल हजारात एक झाला. १०० मीटरवर नेम १० सें.मी. चुकेल! ही चूक कायम तेवढीच राहिली, तर स्क्रू फिरवून काढता येते. पण कडी सैल असेल, तर प्रत्येक बाराला चूक बदलते आणि मग कोणताच स्क्रू उपयोगी पडत नाही. प्रयोगशाळेत आपण स्थिर त्रुटी आणि बदलती त्रुटी यांत जो फरक करतो, तोच हा.

निवडीतही ‘मोठे ते चांगले’ हा नियम चालत नाही. वस्तुभिंग ३२ मि.मी. व्यासाचे आणि वर्धन चौपट असेल, तर डोळ्याकडे येणारी प्रकाशशलाका ८ मि.मी. रुंद असते. वर्धन बारापट केले की ती पावणेतीन मि.मी. उरते. संधिप्रकाशात डोळ्याची बाहुली सहा-सात मि.मी.पर्यंत उघडते, आणि शिकारी नेमका अशाच वेळी बाहेर पडतो. शिवाय वर्धनाबरोबर दृश्य आकुंचते, हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो. येथे चुकलेला नेम म्हणजे जखमी होऊन झाडीत तडफडणारे जनावर.

आपल्याकडे १९७२च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर कडक बंधने आली. पण गॅस्कॉइनची ती खूण भूमापकाच्या थिओडोलाइटमध्ये आजही पाहायला मिळते. वर्गातही ती दाखवता येईल. दोन बहिर्गोल भिंगे आणि पुठ्ठ्याच्या, एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्या घ्या. वस्तुभिंगाच्या नाभीपाशी दोरा ताणा आणि दूरच्या झाडाकडे पाहा. सूर्याकडे मात्र मुळीच रोखू नका. आता डोळा थोडा डावी-उजवीकडे हलवा. दोरा झाडावरून सरकतो का? सरकत असेल, तर तो अजून प्रतिमेच्या जागी नाही. सरकायचा थांबेपर्यंत तो पुढे-मागे करा. ही जागा विद्यार्थ्यांना स्वतः सापडू द्या.