गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लवकर निदान : बार्शी-उस्मानाबाद परिसरातील प्रयोगांचा ऐतिहासिक अभ्यास (१९८७ ते २००९)

प्रस्तावना

विसाव्या शतकात वैद्यकशास्त्राने रोगावरील उपचारांइतकेच रोगाच्या पूर्वसूचनेलाही महत्त्व दिले. गर्भाशयमुखाचा कर्करोग हे याचे ठळक उदाहरण होय. या रोगात निरोगी पेशींचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वा अधिक वर्षे लागतात. या अवधीत दोष आढळल्यास तो साध्या उपचाराने दूर करता येतो. असे असूनही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. टाळता येण्याजोगे मृत्यू का टळत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर शोधताना सोलापूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या कार्याचा इतिहास मार्गदर्शक ठरतो.

उद्दिष्टे

१. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निदानतंत्राचा विकास थोडक्यात पाहणे.
२. बार्शी-उस्मानाबाद परिसरातील नोंदणी व तपासणीच्या कार्याचा आढावा घेणे.
३. तंत्रज्ञान आणि आरोग्यव्यवस्था यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.

निदानतंत्राचा विकास

जर्मनीतील हान्स हिन्सेलमन यांनी १९२५ मध्ये कॉल्पोस्कोप हे उपकरण विकसित केले. त्यामुळे गर्भाशयमुखाचे मोठ्या आकारात निरीक्षण करणे शक्य झाले. न्यूयॉर्क येथे कार्यरत असलेले ग्रीक वंशाचे जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४१ मध्ये शोधनिबंध व १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करून पेशीपरीक्षणाचा पाया घातला. हीच पुढे 'पॅप चाचणी' म्हणून रूढ झाली. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ व १९८४ मध्ये अनुक्रमे एचपीव्ही १६ व १८ हे विषाणूप्रकार या कर्करोगात शोधून काढले. या कार्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधामुळे पेशी बिघडण्याची वाट न पाहता विषाणूच्या डीएनएचा शोध घेणारी चाचणी शक्य झाली.

पॅप चाचणीने पाश्चात्त्य देशांत मृत्युदर खाली आणला, हे खरे. परंतु ती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावी लागते. काचपट्टी वाचण्यास कुशल तंत्रज्ञ लागतो आणि अहवाल आल्यावर स्त्रीला पुन्हा बोलवावे लागते. ही साखळी ग्रामीण भारतात उभी राहिली नाही.

बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी

भारतातील लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीस १९६३ मध्ये मुंबईत प्रारंभ झाला. ग्रामीण भागातील अशी पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. गावातील रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येईल, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होते. दुखणे अंगावर काढण्याची सवय आणि गर्भपिशवीच्या तक्रारींविषयीचा संकोच ही त्याची कारणे होत. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगावी जात, लक्षणांची माहिती देत आणि संशयित रुग्णांना तपासणीस प्रवृत्त करीत. परिणामी लवकरच्या अवस्थेत निदान होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले, असे कस्तुरी जयंत व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. कोणतेही नवे यंत्र न आणता केवळ संवादाने घडलेला हा बदल विशेष लक्षणीय आहे.

उस्मानाबाद जिल्ह्यातील तपासणी-प्रयोग

या पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात व्यापक प्रयोग सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ ग्रामसमूहांनुसार चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पेशीपरीक्षण, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून दृश्य तपासणी झाली. चौथा गट नेहमीच्या आरोग्यसेवेवर होता. तपासणी एकदाच व्हायची होती.

आर. शंकरनारायणन, भ. म. नेने, सुरेंद्र शास्त्री आदींनी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एचपीव्ही गटात (३४,१२६ स्त्रिया) १२७ व चौथ्या गटात (३१,४८८ स्त्रिया) ११८ कर्करोग आढळले. म्हणजे रुग्णसंख्येत फारसा फरक नव्हता. मात्र दुसऱ्या वा त्यापुढील अवस्थेतील रुग्ण अनुक्रमे ३९ व ८२, तर मृत्यू ३४ व ६४ होते. चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आणला, तो रोग वेळेत गाठून. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूत लक्षणीय घट झाली नाही.

येथे मुंबईतील अभ्यास विचारात घेणे इष्ट ठरते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमध्ये तीच दृश्य तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली. चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी ती पार पाडली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. दोन्ही अभ्यासांची रचना भिन्न असल्याने थेट तुलना करता येत नाही. तरीही साधे तंत्र सातत्याने दारापर्यंत पोहोचल्यास फलदायी ठरते, हे त्यातून दिसते.

नैतिक प्रश्न

या यशाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. तुलनेसाठी ठेवलेल्या गटांतील स्त्रियांची अभ्यासकाळात तपासणी झाली नाही. पॅप चाचणीची उपयुक्तता अन्यत्र सिद्ध झालेली असताना अशी रचना योग्य होती काय आणि स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली काय, असे आक्षेप वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे घेतले. भारतात त्या काळी अशी तपासणी सर्वत्र उपलब्धच नव्हती, हा संशोधकांचा युक्तिवाद होता. वाद कोणत्याही बाजूने पाहिला तरी एक गोष्ट उरते. जगाला मिळालेले हे ज्ञान मराठवाड्यातील आणि मुंबईच्या वस्त्यांतील स्त्रियांच्या आयुष्यातून आले आहे आणि त्याचा लाभ प्रथम त्यांना मिळणे न्यायाचे आहे.

निष्कर्ष

१. निदानतंत्र जितके अचूक, तितका एका तपासणीचा लाभ अधिक. उस्मानाबादचा प्रयोग याचा पुरावा आहे.
२. तंत्राचे यश नोंदणी, प्रशिक्षित आरोग्यसेविका व जवळचे उपचार यांवर अवलंबून असते.
३. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीस प्रथम पसंती दिली. याउलट राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतात ३० ते ४९ वयातील दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांची या कर्करोगासाठी कधी तपासणी झाली होती.

सारांश, प्रयोगशाळेतील शोध आणि गावातील स्त्री यांच्यातील अंतर यंत्राने आपोआप मिटत नाही. बार्शीच्या कर्मचाऱ्यांनी ते पायी चालून कमी केले होते. प्रगत तंत्रज्ञानाच्या आजच्या काळातही आरोग्यधोरणाला त्याच वाटेने जावे लागेल.