‘स्त्री’ कोण? स्कॉटलंडमधल्या खटल्याची पूर्वपीठिका

ब्रिटनच्या १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याला ‘स्त्री’ या शब्दावर फार खल करावा लागला नाही. त्याआधी १९७० मध्ये एप्रिल ॲश्ली या ट्रान्स स्त्रीच्या विवाहाच्या खटल्यात न्या. ऑर्मरॉड यांनी विवाहापुरते लिंग जन्मजात शारीरिक लक्षणांवरूनच ठरेल, असा निकाल दिला होता. पुढे २००२ मध्ये क्रिस्टीन गुडविन या ट्रान्स स्त्रीच्या तक्रारीवरून स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरले आणि मगच २००४ चा जेंडर रेकग्निशन ॲक्ट आला. वैद्यकीय निदान आणि स्वीकारलेल्या लिंगात दोन वर्षे जगल्याचा पुरावा दिला की लिंगबदल मान्य करणारे प्रमाणपत्र मिळे. नवव्या कलमाप्रमाणे त्यानंतर त्या व्यक्तीचे लिंग ‘सर्व बाबतींत’ बदललेले धरायचे, मात्र अन्य कायद्यात वेगळी तरतूद नसेल तरच. खरी गोम या अपवादात होती.

२०१० च्या समता कायद्याने लिंग आणि लिंगबदल या दोन्हींना वेगवेगळे संरक्षण दिले. प्रमाणपत्रधारक ट्रान्स स्त्रीला ‘स्त्री’ धरायचे की नाही, हे मात्र स्पष्ट लिहिले नाही.

ठिणगी पडली ती एका किरकोळ वाटणाऱ्या कायद्यावरून. सार्वजनिक मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात यासाठी स्कॉटलंडने २०१८ मध्ये केलेल्या कायद्याच्या व्याख्येत ट्रान्स स्त्रियाही होत्या. ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या स्त्रीवादी संघटनेने त्याला आव्हान दिले आणि २०२२ च्या आरंभी ती व्याख्या रद्द झाली. सरकारने नव्या मार्गदर्शिकेत प्रमाणपत्रधारक ट्रान्स स्त्रियांचा समावेश कायम ठेवला. संघटना पुन्हा कोर्टात गेली, स्कॉटलंडमध्ये दोनदा हरली आणि लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. तिथे काही लेस्बियन संघटना तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, तर ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने विरुद्ध बाजू मांडली. दोन ट्रान्स कायदेतज्ज्ञांना म्हणणे मांडू दिले गेले नाही, ही टीका पुढे बराच काळ होत राहिली आणि ती गैरलागू म्हणता येत नाही.

१६ एप्रिल २०२५ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की समता कायद्यापुरता ‘स्त्री’चा अर्थ जैविक आहे. त्यामागचा एक युक्तिवाद गरोदरपणाच्या तरतुदींचा होता. तिथले संरक्षण ‘स्त्री’ला आहे; प्रमाणपत्राने लिंग ठरले, तर प्रमाणपत्रधारक ट्रान्स पुरुष गरोदर राहिल्यास त्याला ते मिळणार नाही. शिवाय प्रमाणपत्र गोपनीय असल्याने ते कोणाकडे आहे, हे सेवा पुरवणाऱ्याला कळायचे कसे? ट्रान्स व्यक्तींचे लिंगबदलाखालचे संरक्षण अबाधित असल्याचे न्यायालयाने नमूद केले. हा एका गटाचा दुसऱ्यावर विजय समजू नये, असेही या न्यायाधीशांपैकी लॉर्ड हॉज यांनी बजावले.

परिणाम लगोलग दिसले. समता आयोगाने कार्यालये व सार्वजनिक ठिकाणांच्या स्वच्छतागृहांबाबत अंतरिम सूचना काढल्या. मे महिन्यात इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने ट्रान्स स्त्रियांना महिला क्रिकेट बंद केले, आणि फुटबॉल संघटनेची अशीच बंदी १ जूनपासून लागू झाली.