पसरणीच्या घाटात, कोळशाच्या गाडीनं

सन 1944, जानेवारीतली सकाळ. वाईत ढोल्या गणपतीला हात जोडून तुम्ही मोटारीपाशी येता, तर किन्नर थंडीतही घामाघूम. महायुद्धामुळं पेट्रोल मापून मिळतं, म्हणून गाडीच्या पाठीला लोखंडी भट्टी बसवलीय. तिच्यात लोणारी कोळसा भरायचा, पेटवायचा आणि हातानं पंखा फिरवत राहायचं. अपुऱ्या हवेत कोळसा धुमसला की जो वायू निघतो, तो गाळून इंजिनात जातो. तोंड जरा लांब ठेवा. तोच वायू माणसाच्या जिवावरही बेततो.

हँडल मारलं जातं, इंजिन खोकतं, भोंगा वाजतो. पसरणी गाव येतं. पुढं शाहीर साबळे म्हणून गाजणारा विशीतला तरुण याच गावचा. गाडीत ही गोष्ट फक्त तुम्हाला ठाऊक आहे; बोलू नका.

चढ लागतो आणि पेट्रोलचा जोर कोळशाला नाही हे दोन वळणांत कळतं. गाडी रांगते, मग थरथरते. ‘‘उतरा मंडळी! बाया-पोरं बसू द्या!’’ किन्नर उडी टाकून चाकामागं दगड सारतो. तुम्ही बाकीच्या गड्यांबरोबर रस्त्यावर, पायी.

आता कठड्याशी या. तुमच्या ओळखीचं धोम धरणाचं पाणी खाली कुठंच नाही. पुढं जे बुडणार आहे ते सगळं उन्हात पडलंय: शाळूची रानं, हरभऱ्याचे हिरवे तुकडे, बैलगाड्यांच्या वाटा आणि त्यांतून वळत जाणारी कृष्णा. पलीकडं पांडवगड. खिडकीतून हे निसटलं असतं. इथं प्रत्येक वळणावर खोरं नव्यानं उलगडतं आणि ते पाहायला दम लागलेल्या माणसाला भरपूर वेळ असतो.

शेजारचा फेटेवाला आवाज उतरवून बोलतो. जिल्ह्यात नाना पाटलांचं पत्री सरकार उभं राहिलंय, गावचे तंटे आता त्यांच्याच न्यायासनापुढं सुटतात. समोरून एक पोलीस शिपाई येताना दिसतो आणि फेटेवाला लगेच कांद्याच्या भावाकडं वळतो. तुम्हीही कांद्याचंच बोला.

माथ्यावर गाडीला पाणी पाजतात, राख झाडतात. पाचगणीतून सिल्व्हर ओकच्या सावलीत ती थोडी बरी पळते. टेबललँडचा सपाट कातळ मागं पडतो. फाट्यावर तुम्ही उतरता, कारण भिलारला जायचं तर पुढं पायवाटच धरायची.

तुम्ही पाहिलेलं भिलार स्ट्रॉबेरीचं आणि 2017 पासून पुस्तकांचं गाव. या भिलारात नाचणीच्या काडाच्या गंजी आहेत, धुरानं काळवंडलेली आढी आहेत आणि अनोळखी माणसाकडं रोखून पाहणारे डोळे आहेत. नवखा म्हणजे पाहुणा, भूमिगत किंवा सरकारी खबऱ्या. चौथी शक्यता सध्या कुणी धरत नाही. तुमच्या बुटांकडं पाहत एक म्हातारा ओसरीवरून विचारतो, ‘‘कुणाकडचं पाव्हणं?’’

तुम्ही एखादं आडनाव शोधत चाचरता. म्हातारा घरात हाक देतो, ‘‘तांब्या आणा गं!’’ आणि तुमच्याकडं वळून म्हणतो, ‘‘आधी पाय धुवा. खोटं बोलायचं तर भाकरी खाऊन बोला.’’