सर्व्हरवरची एक फाइल आणि न्हावा शेव्याचं बंद गेट

पांढुर्णा-सौंसरकडे ज्या कुणाची स्वतःची वेबसाइट आहे, मग ती कृषी केंद्राची असो, शाळेची असो की साड्यांच्या दुकानाची, त्याला दोन कटकटी तोंडपाठ असतात. एक, ‘संपर्क’ फॉर्ममधून रोज येऊन पडणारी मेल: तुमची साइट गूगलवर पहिली आणून देतो, कर्ज घ्या, औषधं घ्या. दुसरी, सर्व्हरच्या लॉगमध्ये रात्रभर उमटत राहणाऱ्या ओळी. कुठल्या तरी देशातला बॉट लॉगिनच्या पानावर येतो, ‘अॅडमिन’ नावाने पासवर्ड टाकून बघतो, जमलं नाही की पुढे जातो. माणूस वैतागतो, पण साइट चालू राहते. साइट बुडते ती वेगळ्याच वाटेने. ती वाट २७ जून २०१७ या एका दिवसात स्पष्ट दिसली, आणि त्या दिवसाचा एक धागा युक्रेनमधून थेट आपल्या न्हावा शेवा बंदरापर्यंत आला.

खालच्या वेळा भारतीय आहेत. युक्रेनमधल्या ज्या सर्व्हरवरून हे सुरू झालं, त्यावरच्या हालचालींच्या वेळा सिस्को कंपनीच्या टालोस पथकाने त्या सर्व्हरच्या लॉगमधून काढल्या होत्या.

१४ एप्रिल

कीव्हमध्ये ‘एम-ई-डॉक’ नावाचं हिशेबाचं आणि करभरणा करण्याचं सॉफ्टवेअर बनतं. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांत टॅलीचं जे स्थान, तेच तिकडे याचं. या दिवशी आलेल्या अपडेटमध्ये एक चोरदरवाजा होता. १५ मे आणि २२ जूनच्या अपडेटमध्येही तो सापडला. हे ईसेट या कंपनीने नंतर उघड केलं. हा चोरदरवाजा प्रत्येक संगणकावरून तो वापरणाऱ्या कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक वाचून घ्यायचा, जसा आपला जीएसटी क्रमांक. म्हणजे आपण कुणाच्या ऑफिसात शिरलो आहोत हे आत शिरणाऱ्याला नावानिशी कळत होतं. मेलच्या सेटिंगही तो उचलत होता. अडीच महिने हे चाललं आणि कुणाला पत्ता नव्हता.

३१ मे

कंपनीच्या वेब सर्व्हरवर एक पीएचपी फाइल येऊन बसली. तिचं नाव साधं होतं: मेडॉक ऑनलाइन. आत मात्र ‘पास’ नावाचा वेबशेल होता, इंटरनेटवर फुकट मिळणारा, थोडा बदललेला. वेबशेल म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हरवर राज्य करण्याची किल्ली. छोट्या साइटवाल्यांना ही जात चांगली ठाऊक आहे. ‘अपलोड’ फोल्डरमध्ये अशी एखादी फाइल सापडते, आणि तेव्हा कळतं की आपल्या शाळेच्या साइटवरून गेले काही आठवडे जगभर स्पॅम जात होता. फाइल पुसली जाते. ती आली कुठून, हे बहुतेक वेळा कुणी शोधत नाही. इथेही हत्यार तेच, भुरट्या चोराचंच. फक्त हात भुरट्याचा नव्हता.

सर्व्हरची अवस्थाही अशा हत्याराला साजेशीच होती. तो २०१३ पासून अपडेट केलेला नाही, असं युक्रेनच्या सायबर पोलिसांनी नंतर सांगितलं. कंपनीला आधी इशारे दिले होते, असंही ते म्हणाले.

२७ जून, मंगळवार, दुपारी २.२९

दुसऱ्या दिवशी युक्रेनचा संविधान दिन, म्हणजे सुटी. अर्धं ऑफिस मनाने घरी पोचलेलं. त्या वेळी कुणीतरी कंपनीच्या एका अॅडमिनचा चोरलेला पासवर्ड वापरून सर्व्हरवर शिरलं, सर्वोच्च अधिकार हातात घेतले आणि वेब सर्व्हरची सेटिंगची फाइल उघडली. कुलूप फोडलं नाही, दार ठोठावलं नाही. किल्ली लावली. बॉट रात्रभर चुकीचे पासवर्ड टाकतात आणि आपण त्यांना शिव्या देतो. बरोबर पासवर्ड टाकणाऱ्याची ओळ लॉगमध्ये इतर ओळींसारखीच दिसते.

दुपारी २.४४

सेटिंग बदलली. आता जो कोणी एम-ई-डॉककडे अपडेट मागेल, त्याची मागणी गुपचूप एका भाड्याच्या सर्व्हरकडे वळत होती. पुढचे सव्वातीन तास हेच चाललं.

दुपारी ४ च्या सुमारास

मायक्रोसॉफ्टच्या नोंदींत पहिली खूण दिसते: एम-ई-डॉकचा अपडेट करणारा प्रोग्रामच विषारी आज्ञा चालवतो आहे. त्यातून पसरलेल्या व्हायरसला जगाने पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव दिलं. एकदा एका संगणकात शिरला की तो त्याच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्याच नेटवर्कवरच्या इतर यंत्रांवर उडी मारायचा. विंडोजमधल्या एका जुन्या छिद्रातूनही जायचा. हे छिद्र बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा दुसरा व्हायरस याच छिद्रातून जगभर पसरला होता, तरीही कित्येकांनी ते अपडेट घातलं नव्हतं. आणि नॉटपेट्याची खरी करामत अशी की अपडेट घातलेल्या यंत्रालाही त्याने सोडलं नाही. शेजारच्या यंत्रावरून उचललेला अॅडमिनचा पासवर्ड त्याला पुरेसा होता.

मग संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. पडद्यावर डिस्क तपासत असल्याचं दाखवायचा. बसलेला माणूस वाट बघायचा आणि तेवढ्या वेळात त्याची डिस्क कुलूपबंद व्हायची. शेवटी काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत मागणी: ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा आणि या पत्त्यावर मेल करा. जर्मनीतल्या पोस्टेओ या मेल सेवेने तो पत्ता त्याच दिवशी बंद केला. पण तो चालू राहिला असता तरी काही उपयोग नव्हता. पैसे भरून डेटा परत मिळेल अशी सोयच त्यात केलेली नव्हती. खंडणीचा नुसता मुखवटा होता.

त्यानंतरचे दोन तास

युक्रेनच्या एका मोठ्या बँकेचं नेटवर्क कोसळायला ४५ सेकंद लागले. विमानतळ, टपाल, एटीएम, कीव्हच्या मेट्रोतलं कार्डावरचं पैसे भरणं, एकेक पडत गेलं. चेर्नोबिलमध्ये किरणोत्सार मोजण्याचं काम माणसांना हाताने करावं लागलं. हा मार त्या देशाला द्यायचा होता हे उघड आहे. पण नेटवर्कला देशाची वेस कळत नाही. ज्या परदेशी कंपनीचं युक्रेनमध्ये छोटंसं ऑफिस होतं आणि तिथे एका जरी संगणकावर एम-ई-डॉक होतं, तिचं जगभरचं नेटवर्क उघडं पडलं. डेटॉलवाली रेकिट, कॅडबरीवाली माँडलेझ, औषधांची मर्क आणि डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडल्या.

संध्याकाळी ६.०३

सर्व्हरवरच्या माणसाने सेटिंग पुन्हा पहिल्यासारखी केली. काही झालंच नाही असं. कोपनहेगनमध्ये मर्स्कच्या मुख्यालयात तोपर्यंत माणसं ओरडत खोल्याखोल्यांतून पळत होती: संगणक बंद करा, वायरी काढा.

संध्याकाळ ते रात्र, न्हावा शेवा

आमच्याकडून न्हावा शेवा आठ-नऊशे किलोमीटर. देशातली सगळ्यात मोठी कंटेनरची वाहतूक तेव्हा याच जवाहरलाल नेहरू बंदरातून होत असे. त्यातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्कची कंपनी चालवते, आणि त्याची क्षमता वर्षाला १८ लाख कंटेनरची. ते ठप्प झालं. क्रेन शाबूत होत्या, रस्ता मोकळा होता, माणसं कामावर होती. पण कुठला कंटेनर कुणाचा हेच सांगता येईना. यार्डात रचलेल्या हजारो एकसारख्या डब्यांत कोणता डबा कुठल्या जहाजाचा आणि कोणता कुठल्या ट्रकचा, ही माहिती संगणकातच होती. मग हाताने काम करून बघायचं, जहाजं बंदरातल्या दुसऱ्या टर्मिनलकडे वळवायची, ट्रक उभे करायला जागा शोधायची. जहाजमंत्री तेव्हा आपल्या नागपूरचे नितीन गडकरी होते. त्यांच्या मंत्रालयाला निवेदन काढावं लागलं ते कीव्हमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वेबसाइटमुळे. हे त्या घडीला कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

संध्याकाळी ७.४१

सर्व्हरवरचा पाहुणा बाहेर पडला. आपल्याकडून काही झालं नाही, असं एम-ई-डॉक त्या दिवशी फेसबुकवर सांगत होतं.

२८ जून, रात्री १.१६

ज्या भाड्याच्या सर्व्हरवरून सगळं वाटलं गेलं, त्याची डिस्क शून्यांनी भरून पुसून टाकण्यात आली. बोटांचे ठसेही नाहीत.

पुढचे दिवस

मर्स्कने दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने बसवले. पण त्याआधी एक भलताच पेच होता. कंपनीच्या नेटवर्कवर कोण, कुठे, कुणाला काय परवानगी, हे सांगणारे तिचे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांशी जुळवून घेत चालायचे. एक बिघडला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकाच वेळी पुसले जातील, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. वाचला फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली लाइट गेली होती. लोडशेडिंगने जगातली तेव्हाची सगळ्यात मोठी जहाज कंपनी वाचवली, असं म्हटलं तर आपल्याकडच्या माणसाला हसू येईल, पण ते खरं आहे. घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून त्याने डिस्क नायजेरियाला नेली, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तिथून ती इंग्लंडला पोचली.

४ जुलैला, म्हणजे पंढरपुरात आषाढी एकादशी चालली होती त्या दिवशी, युक्रेनच्या पोलिसांनी एम-ई-डॉकच्या ऑफिसवर छापा घालून सर्व्हर उचलले. मर्स्कने आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. एकूण नुकसानीचा अमेरिकन सरकारचा अंदाज १,००० कोटी डॉलरच्या वर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातल्या सहा अधिकाऱ्यांवर यासाठी आरोपपत्र दाखल केलं.

आपल्या दुकानाच्या साइटवर कोणी लष्कर चालून येणार नाही, हे मान्य. पण तसला वेबशेल, न बदललेला पासवर्ड आणि वर्षानुवर्षं न हललेला सर्व्हर पांढुर्ण्यातही असतोच. तेव्हा साइट ज्याने करून दिली त्याला आज फोन लावा. शेवटचं अपडेट कधी घातलं, काम सोडून गेलेल्या पोराचं लॉगिन बंद केलं का, आणि बॅकअपची एक प्रत वायर काढून कुठे वेगळी ठेवली आहे का, एवढं विचारा. स्पॅमचं फोल्डर नंतर रिकामं केलं तरी चालेल.