जुन्या डिस्कवरची विंडोज नव्या एसएसडीवर जशीच्या तशी कशी नेतात? क्लोनिंग म्हणजे काय?

नाशिकमधलं एखादं डीटीपी सेंटर असो, सीएचं ऑफिस असो किंवा अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतलं छोटं वर्कशॉप असो, सात-आठ वर्षं जुना संगणक सुरू व्हायला कधीकधी पाच-पाच मिनिटं लागतात. दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसून आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच संगणक अर्ध्या-एक मिनिटात सुरू होऊ शकतो.

पण जुन्या डिस्कवर फक्त फायली नसतात. श्री-लिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, हिशेबाचा प्रोग्राम, डिजिटल सहीचा ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग्ज अशी वर्षानुवर्षं बसवलेली घडी असते. विंडोज नव्याने टाकली तर ती सगळी घडी पुन्हा बसवावी लागते. हा खटाटोप वाचवण्यासाठी डिस्क क्लोन करतात.

कॉपी-पेस्टने का भागत नाही?

सी ड्राइव्हमधलं सगळं निवडून नव्या डिस्कवर पेस्ट केलं, तरी संगणक त्या डिस्कवरून सुरू होत नाही. विंडोज चालू असताना तिच्या काही फायली कुलूपबंद असतात. शिवाय संगणक सुरू करणारी माहिती वेगळ्या, सहसा न दिसणाऱ्या विभागात असते. क्लोनिंगमध्ये डिस्कचे विभाग, सुरुवातीची माहिती, विंडोज, प्रोग्राम आणि फायली हे सगळं त्याच मांडणीत दुसऱ्या डिस्कवर उतरवलं जातं.

हे काम सोपं करणारं ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये तयार झालं. १९९८ मध्ये ते सिमँटेक कंपनीने घेतलं आणि पुढे ‘नॉर्टन घोस्ट’ म्हणून ते जगभर पोहोचलं. आज तैवानमध्ये विकसित झालेलं ‘क्लोनझिला’ मोफत मिळतं. अनेक एसएसडी कंपन्याही आपल्या ग्राहकांना क्लोनिंगचं सॉफ्टवेअर देतात.

किती जागा, किती वेळ?

जुनी डिस्क १ टीबीची आणि नवी एसएसडी ५०० जीबीची असली तरी काम होऊ शकतं, पण वापरलेली जागा नव्या डिस्कमध्ये मावायला हवी. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ४६५ जीबी दिसते, हेही हिशेबात धरावं. क्लोनझिला नेहमीच्या पद्धतीने चालवताना नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते. लहान डिस्कवर जायचं असेल तर जुने विभाग आधी आकसून घ्यावे लागतात.

२०० जीबी माहिती सेकंदाला १०० एमबी या वेगाने गेली तर साधारण ३५ मिनिटं लागतात. एसएसडी जुन्या यूएसबी २.० पोर्टला जोडली असेल तर तेच काम पावणेदोन तासांवर जातं. मधेच वीज गेली तर काम अर्धवट राहतं, म्हणून यूपीएस असलेला बरा.

कामाचा क्रम

१. महत्त्वाच्या फायलींचा वेगळा बॅकअप आधी घ्यावा.

२. जुन्या डिस्कची तब्येत तपासावी. खराब सेक्टर दिसत असतील तर आधी फायली वाचवाव्यात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर संपूर्ण क्लोनिंगचा ताण टाकू नये.

३. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की जवळ ठेवावी आणि क्लोनिंगपूर्वी बिटलॉकर बंद करावं.

४. सॉफ्टवेअरमध्ये ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या डिस्क दोनदा तपासाव्यात. इथे अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. डिस्कचं नाव आणि आकार पाहूनच पुढे जावं.

५. काम झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि पहिल्यांदा फक्त नव्या डिस्कवर सुरू करावा. दोन्ही डिस्कची ओळख सारखीच असल्याने त्या एकत्र जोडल्या तर विंडोजचा गोंधळ उडू शकतो.

त्याच संगणकात फक्त डिस्क बदलली तर विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन सहसा टिकतं, कारण ते मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं. काही सॉफ्टवेअर मात्र डिस्कच्या ओळखीवर परवाना देतात. त्यांची नोंदणी पुन्हा करावी लागू शकते. क्लोन केलेली डिस्क दुसऱ्याच संगणकात लावली तर ड्रायव्हर आणि परवाना, दोन्हींची अडचण येऊ शकते.

क्लोनिंगने काय सुधारत नाही?

क्लोन हुबेहूब असतो, म्हणून जुन्या डिस्कवरचा व्हायरस आणि बिघडलेल्या सिस्टिम फायलीही सोबत येतात. विंडोज आधीच वारंवार अडकत असेल तर ती नव्याने टाकणंच शहाणपणाचं. तसंच विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एसएसडीमुळे असा संगणक वेगवान होईल, पण तेवढ्याने तो विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही.

जुनी डिस्क: सगळ्यात दुर्लक्षित भाग

क्लोनिंगनंतर सगळी माहिती दोन ठिकाणी असते. ज्या दुकानात ग्राहकांचे आधार, पॅन आणि सातबारा स्कॅन होतात, तिथली जुनी डिस्क भंगारात गेली तर ते कागदही तिच्यासोबत जातात. फायली डिलीट करणं किंवा क्विक फॉरमॅट करणं पुरेसं नसतं. त्याने बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो.

गुन्ह्यांच्या तपासात याच गोष्टीचा उपयोग होतो. जप्त डिस्कची बिट-बिट प्रत घेऊन त्या प्रतीवर तपासणी केली, तर डिलीट केलेल्या फायलीही सापडू शकतात. प्रत मूळ डिस्कशी तंतोतंत जुळते हे ‘हॅश’ या आकड्यावरून ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हा हॅश नोंदवावा लागतो.

म्हणून नवी डिस्क आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी डिस्क जपून ठेवावी. सगळे प्रोग्राम, प्रिंट आणि डिजिटल सही तपासून घ्यावी. त्यानंतर जुन्या हार्ड डिस्कवर संपूर्ण फॉरमॅट चालवावा, म्हणजे पूर्ण डिस्कवर शून्य लिहिली जातात. डिस्क बंद पडली असेल आणि पुसता येत नसेल, तर विकण्याऐवजी ती फोडून टाकावी.