साचाखात्याचे बंद दार : १९२८ च्या संपातील एक अवघड मागणी

१९२८ चा मुंबईतील गिरणी संप म्हटला की सुमारे दीड लाख कामगार, सहा महिने थंडावलेली धुराडी आणि लाल बावट्याचा उदय एवढे आपल्याला आठवते. त्या संपाच्या मागण्यांत मात्र एक मागणी अशी होती, जी मालकांइतकीच खुद्द संपकऱ्यांनाही अडचणीची होती. आजचा धागा त्या मागणीविषयी आहे.

गिरणीतील सर्व खाती सर्वांना खुली नव्हती. कताईच्या रिंग खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे कामगार मोठ्या संख्येने होते. साचाखाते, म्हणजे विणाईचा विभाग, त्यांना बंद होता. साचेवाल्याचे काम उक्ते आणि कसबाचे; त्याची कमाई रिंग खात्यातील कामगारापेक्षा बरीच अधिक. तेव्हा प्रश्न केवळ मानाचा नव्हता, दर महिन्याच्या पगाराचा होता.

या बंदीचे कारण सांगितले जाई ते धोट्याचे. धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की साचेवाला नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या हाती आणि दुसऱ्याच्या ओठी जाई. सवर्ण साचेवाल्यांना अस्पृश्याच्या उष्ट्याचा विटाळ नको होता. (वास्तविक ही पद्धत सर्वांच्याच आरोग्याला घातक होती, पण आक्षेप होता तो जातीला, थुंकीला नव्हे.)

यातला उपरोध असा, की विदर्भात महार समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडेभरडे कापड विणत आली होती. अहमदाबादेतही, ज्या समाजाचे नावच वणकर, त्याला गिरणीत कताईच्या बाजूला ठेवले जाई. परंपरेने विणकर असलेला माणूस यंत्रयुगात विणकामाला अपात्र ठरला.

ही बंदी गिरणीच्या नियमांत लिहिलेली असण्याची गरजच नव्हती. भरती जॉबरच्या हाती होती. जॉबर आपल्या गावचा, नात्यातला, जातीतला माणूस लावून घेई आणि बाकीचे काम खात्यातील कामगारांची नाराजी करी.

संपाचे एक मोठे कारणही साचाखात्यातच होते. दोन साच्यांऐवजी तीन साचे एकाच कामगाराने चालवावेत, अशी मालकांची नवी योजना होती. साचेवाले तिच्याविरुद्ध उभे ठाकले आणि संपाचा कणा बनले. अशा वेळी डॉ. आंबेडकरांनी संप समितीपुढे विषय काढला : मागण्यांत साचाखाते अस्पृश्यांना खुले करण्याचाही समावेश करा, अन्यथा आमच्या माणसांनी या लढ्यात का उतरावे? समितीने नाखुशीने का होईना, ती मागणी स्वीकारली. ही नाखुशी समजण्यासारखी आहे, समर्थनीय नाही. ज्यांच्या बळावर संप चालायचा, त्यांनाच दुखवणारी ती मागणी होती.

मालकांचे उत्तर वाचण्याजोगे आहे. हा अन्याय असलाच तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे त्यांनी बजावले. म्हणजे कामगार रूढीकडे बोट दाखवणार, मालक कामगारांकडे, आणि दार बंदच राहणार. मालकांचा हात झटकणे मला तरी पटत नाही. तीन साच्यांची योजना लादण्यासाठी ज्यांनी सहा महिने गिरण्या बंद राहू दिल्या, त्यांना एका खात्याची भरती बदलता येत नव्हती, हे मानणे कठीण आहे. ज्या बदलात नफा होता तेथे मालकाचा अधिकार चाले; जेथे नव्हता तेथे रूढीचा.

संप १९२८ च्या ऑक्टोबरात मिटला, न्या. फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. पुढच्याच वर्षी पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला गेला, तेव्हा आंबेडकरांनी त्याला विरोध केला. या विरोधाची कारणे अनेक होती. ‘कामगारद्रोह’ असा शिक्का मारणाऱ्यांनी साचाखात्याची ही पार्श्वभूमी सहसा सांगितलेली नसते.

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे आंबेडकरांचे तेथील प्रतिपादन प्रसिद्ध आहे. त्याच भाषणातील तपशील मात्र कमी सांगितला जातो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरगडी म्हणून राबावे लागते आणि अस्पृश्य घरात चालत नाही. गिरणीतील धोटा आणि स्टेशनमास्तरचे घर, दोन्हीकडे बढतीची वाट विटाळाने अडवलेली होती.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने व्यवसाय, धंदा वा व्यापार करण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला. मिळालेला हक्क वापरला म्हणून एखाद्याला त्रास देणे किंवा त्याच्यावर बहिष्कार घालणे, हेही त्यात गुन्हाच होते. पण ज्या ओळीत व्यवसाय, धंदा आणि व्यापार होते, त्या ओळीत ‘नोकरी’ नव्हती. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाले, तेव्हा कोणत्याही कामावरील नोकरीचा उल्लेख त्या ओळीत आला. १९२८ च्या मागणीपासून तोवर ४८ वर्षे उलटली होती.